रुग्णालयातील एकवापरी साहित्याचे पुनर्चक्रण : स्वरूप व दक्षता

प्रस्तावना :
एकदाच वापरावयाच्या सिरिंज, सलाईनच्या नळ्या व हातमोजे यांमुळे रुग्णोपचार अधिक सुरक्षित झाले. परंतु त्यातून कचऱ्याची नवी समस्या उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतील सुमारे ८५ टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखाच असतो, तर १५ टक्के घातक असतो. दोन्ही एकत्र झाल्यास सर्वच कचरा संसर्गजन्य मानावा लागतो.

पुनर्वापर व पुनर्चक्रण :
या दोन संज्ञांतील भेद महत्त्वाचा आहे. वापरलेली सिरिंज धुऊन पुन्हा टोचणे हा पुनर्वापर होय व तो जीवघेणा ठरू शकतो. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस-बी च्या साथीने अनेकांचे बळी घेतले, तेव्हा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरात आल्याचे उघडकीस आले. याउलट पुनर्चक्रणात वस्तूचे मूळ रूप नष्ट करून केवळ त्यातील प्लॅस्टिक, काच वा धातू परत मिळविला जातो.

नियम व प्रक्रिया :
जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे १९९८ चे नियम जाऊन २०१६ चे नियम लागू झाले. त्यानुसार नळ्या, हातमोजे व सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, सुया व पाती न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात, तर रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाकावा लागतो. लाल पिशवीतील प्लॅस्टिक ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली, उदाहरणार्थ १२१ अंश सेल्सिअसला ६० मिनिटे, निर्जंतुक करतात. नंतर त्याचे तुकडे करून ते नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाकडे जाते. हे प्लॅस्टिक जाळणे अयोग्य होय; पीव्हीसी जळाल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. प्रक्रिया न केलेला कचरा सामान्यतः ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठविता येत नाही.

महाविद्यालयांची भूमिका :
नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. रक्तदान व लसीकरण शिबिरेही २०१६ च्या नियमांच्या कक्षेत येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हिमोग्लोबिन तपासणीची सुई साध्या कचरापेटीत पडली, तर ती सकाळी सफाई कामगाराच्या किंवा कचरा वेचणाऱ्या महिलेच्या हाताला टोचते. तेव्हा शिबिराच्या नियोजनातच रंगनिहाय पिशव्या, सुई कापण्याचे यंत्र व कचरा परत नेण्याची जबाबदारी रक्तपेढीशी लेखी ठरवून घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
पुनर्चक्रणाचे यश कारखान्यातील यंत्रावर जितके, त्याहून अधिक रुग्णाच्या खाटेजवळ होणाऱ्या वर्गीकरणावर अवलंबून आहे. सिरिंज तेथेच निकामी झाली, तरच ती पुन्हा बाजारात येण्याचा मार्ग बंद होतो. ही सवय विद्यार्थ्यांच्या अंगी बाणविणे हे प्राध्यापकांना सहज शक्य असलेले कार्य आहे.