पाहता पाहता पुसला जाणारा तंतू

पांढऱ्या ॲस्बेस्टॉससारख्या, म्हणजे क्रायसोटाइलसारख्या, खनिजांचे थर स्वतःहूनच वळू शकतात, असं लायनस पॉलिंग यांनी १९३० मध्ये सांगून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये रुस्का आणि क्नोल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पहिला नमुना उभा केला. १९५० च्या सुमारास त्याखाली क्रायसोटाइल ठेवलं, तर तंतू खरोखरच पोकळ नळ्या निघाले. १९६७ मध्ये जपानच्या केइजी यादा यांनी त्या नळ्यांचे थर मोजता येतील अशी चित्रं घेतली.

पण इलेक्ट्रॉनांचा जो झोत तंतू दाखवतो, तोच त्याला मोडतो. या थरांत हायड्रॉक्सिल असतं. इलेक्ट्रॉनांचा मारा बसला की ते सुटतं आणि स्फटिकाची घडी विस्कटते. हे घडताना दिसतंही. तंतू कशाचा ते विवर्तनावरून, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ठिपक्यांवरून, ओळखतात; अंधाऱ्या खोलीत हिरवट पडद्यावर या ठिपक्यांच्या रांगा आधी लख्ख उमटतात, मग कडेचे ठिपके विझू लागतात, आणि शेवटी एक धूसर वलय उरतं. तंतू जागच्या जागी असतो, लांबीही तेवढीच. ओळख मात्र गेलेली असते.

अभ्यासकांपुरती असलेली ही अडचण पुढे माणसांच्या जिवाशी येऊन भिडली. १९६० मध्ये वॅग्नर यांनी दक्षिण आफ्रिकेत निळ्या ॲस्बेस्टॉसचा फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाशी संबंध दाखवला. १९६४ मध्ये सेलिकॉफ यांनी अमेरिकेतल्या कामगारांचे मृत्यू मांडले. १९८६ च्या कायद्यानंतर अमेरिकेतल्या शाळांमधली हवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाऊ लागली, कारण पाव मायक्रॉनहून बारीक तंतू साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. निळं आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस हा मारा बराच सोसतं. लवकर मोडतं ते पांढरं, आणि जगात आजवर वापरलेल्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त तेच! मला या साऱ्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात बोचते.

यातून तपासणाऱ्यांच्या हाताला वळण लागलं: झोत मंद ठेवायचा, तंतू सापडताच आधी विवर्तनचित्र घ्यायचं, मूलद्रव्यांची तपासणी त्यानंतर. काही ठिकाणी नमुना द्रव नायट्रोजनने थंडही करतात.

भारतात क्रायसोटाइल अजून आयात होतं आणि सिमेंटच्या पत्र्यांमधून आपल्या डोक्यावर येतं. म्हणून ‘क्रायसोटाइल आढळलं नाही’ असा शेरा मारण्याआधी विवर्तनचित्र केव्हा घेतलं, हे प्रत्येक अहवालात लिहिलंच पाहिजे.