भाडे कशाचे, हप्ता कशाचा?

श्रोतेहो, 'इजारा' हा शब्द आता बोलण्यात फारसा येत नाही. अरबीतून आपल्याकडे आलेला हा शब्द जुन्या मराठी कागदपत्रांत मक्त्याच्या शेजारी बसलेला दिसतो. मूळ अर्थ साधा आहे : वस्तू माझी, वापर तुमचा, वापराचे मोल मला द्या. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी त्यात एक गोष्ट आवर्जून सांगत. वस्तू ज्याची, तिची काळजीही त्याचीच. भाड्याच्या घराचे छप्पर गळले तर कौले घरमालकाने फिरवायची. भाडेकरूने भाडे द्यायचे आणि छप्परही शाकारायचे, तर मग मालक कशाचा मालक?

हा जुना शब्द आज आठवला तो विजेवर चालणाऱ्या मोटारीमुळे. आमच्या नात्यात यंदा दोन घरांत एकदमच हा विषय निघाला. भाचा कोंढव्याहून चाकणला नोकरीसाठी जातो. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस. म्हणजे दोन हजार किलोमीटर. थोरली बहीण मिरजेत असते. तिची गाडी बाजार, दवाखाना आणि कधीतरी सांगली-कोल्हापूर एवढीच. महिन्याला पाचशे किलोमीटर झाले तरी पुष्कळ. 'मामू, तुम्ही बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले होते ना, मग तुम्हीच सांगा,' असे म्हणून भाच्याने माहितीपत्रके माझ्यापुढे टाकली. कविता लिहिणाऱ्याला आकडे वर्ज्य नसतात. मात्रा मोजायची सवय कामी येते.

या मोटारी तीन प्रकारे घरी येतात. पहिला प्रकार, सगळी गाडी विकत घेणे. दुसरा, गाडी आपली आणि बॅटरी भाड्याची. तिसरा, सगळी गाडीच ठरावीक वर्षांसाठी भाड्याने. दुसऱ्या प्रकाराचा आपल्याकडे सर्वांत गाजलेला दाखला म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आलेली एमजी कंपनीची विंडसर. तिचे साधे मॉडेल बॅटरीसह १३ लाख ५० हजारांना होते. बॅटरी भाड्याने घेतली तर गाडी ९ लाख ९९ हजारांना, आणि पुढे दर किलोमीटरला साडेतीन रुपये भाडे. हे आकडे त्या वेळचे, शोरूममधले. त्यानंतर किमती आणि भाडेही बदलले आहेत. आज घेणाऱ्याने आजचे आकडे मागून घ्यावेत. पण हिशेबाची रीत शिकायला हे आकडे फार सोयीचे आहेत.

दोन किमतींत फरक साडेतीन लाखांचा. भाडे साडेतीन रुपये. म्हणजे एक लाख किलोमीटर धावल्यावर भाड्यापोटी दिलेले पैसे बॅटरीच्या किमतीइतके होतात. भाच्याची गाडी तो पल्ला चार वर्षे दोन महिन्यांत गाठेल. बहिणीची गाडी सोळा वर्षे आठ महिन्यांनी! ज्याचे धावणे जास्त त्याने विकत घ्यावी, ज्याचे कमी त्याने भाड्याने, असा साधा निष्कर्ष निघतो.

पण हा निष्कर्ष पक्का करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहायच्या. एक, व्याज. तेच साडेतीन लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ काढले, तर हप्ता साधारण ७,२६५ रुपये बसतो आणि एकूण ४ लाख ३६ हजार जातात. मग तो एक लाखाचा पल्ला सव्वा लाख किलोमीटरच्या घरात जातो. भाच्याचे बॅटरीचे भाडे महिना सात हजार, आणि कर्ज काढले तर हप्ता सव्वासात हजार. महिन्याला फरक दोन-अडीचशे रुपयांचा. मात्र कर्जाचा हप्ता साठ महिन्यांनी थांबतो. भाडे कधी थांबते आणि शेवटी बॅटरी कुणाच्या नावावर राहते, हे करारात वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट, किमान किलोमीटरची अट. समजा करारात लिहिले असेल, की महिन्याला निदान १,५०० किलोमीटरचे भाडे द्यावेच लागेल. बहिणीचे खरे भाडे १,७५० रुपये व्हायला हवे, तिथे ५,२५० भरावे लागतील. वापरलेल्या किलोमीटरमागे हा दर साडेदहा रुपये पडतो. जाहिरातीतले साडेतीन रुपये तसेच राहिले, खिशातून मात्र तिप्पट गेले. म्हणून 'किलोमीटरचा दर किती?' या प्रश्नाआधी 'कमीत कमी किती किलोमीटर?' हे विचारायचे. आणि चार्जिंगची वीज या भाड्यात नसते. युनिट दहा रुपये आणि एका युनिटला सात किलोमीटर धरले, तर आणखी सुमारे एक रुपया चाळीस पैसे वाढवायचे.

आता पुन्हा त्या गळक्या छपराकडे येऊ. बॅटरी भाड्याने घेतली की ती खराब होण्याची चिंता आपली नाही, असे बरेच जण समजतात. पण याच गाडीवर, बॅटरी विकत घेणाऱ्या पहिल्या मालकालाही कंपनीने बॅटरीची आयुष्यभराची हमी जाहीर केली होती. म्हणजे ती चिंता विकत घेणाऱ्याचीही बरीचशी दूर झालेली होती. मग भाडे कशाचे? मुख्यतः सुरुवातीला साडेतीन लाख कमी भरावे लागतात, त्या सवलतीचे. सवलत घ्यावी, त्यात वावगे काही नाही. मात्र ती सवलत आहे, सुटका नव्हे, हे ओळखून घ्यावी.

सगळी गाडीच भाड्याने घेतली तर चित्र बदलते. तिथे भाडे ठरते ते गाडीची किंमत करार संपताना किती उरेल या अंदाजावर. पंधरा लाखांची गाडी तीन वर्षांनी नऊ लाखांची राहील असे धरले, तर सहा लाख छत्तीस महिन्यांत वाटायचे : महिन्याला १६,६६७ रुपये. त्यावर गुंतवलेल्या पैशाचे व्याज, विमा, देखभाल आणि जीएसटी. विजेच्या गाड्यांचे तंत्र भराभर बदलते, जुन्या गाडीला पुढे काय भाव येईल हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. भाव कोसळला तर नुकसान मालकाचे, आपण किल्ली देऊन मोकळे. हा खरा इजारा. मात्र ठरल्यापेक्षा जास्त किलोमीटर, पत्र्यावरचे ओरखडे आणि करार मध्येच मोडणे, या तिन्हींचा दंड किती हे आधी विचारून ठेवावे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे खरेदीवरच्या साडेसात हजार डॉलरच्या करसवलतीला अनेक अटी होत्या. भाड्याच्या गाडीत मात्र ती सवलत वेगळ्या कलमाखाली गाडीच्या मालक कंपनीला मिळे, आणि पुष्कळ कंपन्या ती भाड्यातून वजा करून देत. म्हणून तिथे भाडे स्वस्त पडे. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ती सवलत उरलेली नाही.

राहिला प्रश्न बेस मॉडेल की टॉप मॉडेल. विंडसरच्या सुरुवातीच्या तीन मॉडेलांत, एक्साइट, एक्सक्लुझिव्ह आणि एसेन्समध्ये, एकेका लाखाची पायरी होती. बॅटरी तिन्हींत ३८ किलोवॅट-तासांची, मोटर तीच, सहा एअरबॅगही तिन्हींत. वर चढावे तसा मोठा पडदा, मिश्रधातूची चाके आणि सर्वांत वर काचेचे छत व हवेशीर आसने. एका लाखाच्या पायरीचा हप्ता, नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, साधारण २,०७५ रुपये. त्या पैशांत गाडी एक किलोमीटरही जास्त धावत नाही. काचेच्या छताखालून मिरजेचे मेमधले ऊन पाहायला महिन्याला दोन हजार द्यायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे! मे २०२५ मध्ये आलेल्या विंडसर प्रोची गोष्ट वेगळी. तिची बॅटरी ५२.९ किलोवॅट-तासांची, म्हणजे तिथे जास्तीच्या पैशांतून पल्लाही वाढतो. म्हणून वरचे मॉडेल पाहताना पहिला प्रश्न हा, की यात बॅटरी मोठी आहे की नुसती सजावट?

भाच्याला मी सांगितले, बेस मॉडेल घे आणि बॅटरीसह घे. बहिणीला सांगितले, किमान किलोमीटरची अट नसेल तरच बॅटरी भाड्याने घे. असेल तर आहे ती गाडी आणखी दोन वर्षे चालव. एकाच आईच्या लेकी-नातवंडांना दोन वेगळी उत्तरे मिळाली, कारण दोघांचे रस्ते वेगळे.

तेव्हा श्रोतेहो, कागदावर सही करण्यापूर्वी महिन्याच्या आकड्यावर फार वेळ रेंगाळू नका. बॅटरी थकली तर कुणाची, गाडीचा भाव पडला तर कुणाचा, करार मोडला तर भुर्दंड कुणाला, हे तीन प्रश्न विचारा. तिन्हींचे उत्तर 'तुमचाच' असे आले, तर कागदावर भाडे लिहिलेले असले तरी तो हप्ताच आहे, आणि त्याची तुलना बँकेच्या हप्त्याशीच करा.