पडद्यावरील खोटा पुरावा

ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधील एक कुटुंब झाडांवरून स्पॅगेटी तोडताना दाखविण्यात आले. स्पॅगेटी म्हणजे वस्तुतः गव्हाच्या शेवया. परंतु निवेदन रिचर्ड डिंबलबी यांच्या धीरगंभीर आवाजात होते, आणि तो पदार्थ त्या काळी ब्रिटिशांच्या फारसा परिचयाचा नव्हता. हे झाड कसे लावावे, अशी विचारणा कित्येकांनी केली! पण ती एका दिवसाची थट्टा होती.

अमेरिकेतील डिस्कव्हरी वाहिनीने ऑगस्ट २०१३ मध्ये दाखविलेला मेगॅलोडॉनवरील कार्यक्रम निराळ्या जातीचा. हा अजस्र शार्क मासा लक्षावधी वर्षांपूर्वी नामशेष झाला. कार्यक्रमात मात्र तो आजही जिवंत असल्याचे भासविले. शास्त्रज्ञ म्हणून बोलणारे नट होते; जर्मन पाणबुड्यांच्या छायाचित्रात माशाचा पर घुसडलेला होता. अखेरीस क्षणभर झळकलेल्या सूचनेत काही प्रसंग नाट्यरूप असल्याची कबुली होती खरी. पण वाद अद्याप चालू असल्याचेही तीतच म्हटले होते. खुलासाच दिशाभूल करू लागला, तर प्रेक्षकाने विसंबावे कशावर?

त्याला भाबडा म्हणणे अन्यायाचे होईल. याच वाहिनीवर त्याने खरे शास्त्रज्ञ पाहिलेले असतात. तशीच प्रयोगशाळा, तोच निवेदकाचा सूर. त्याआधी, २०१२ मध्ये, ॲनिमल प्लॅनेट वाहिनीवरील मत्स्यकन्यांच्या अशाच कार्यक्रमानंतर, मानवसदृश जलचरांचा कोणताही पुरावा आजवर मिळालेला नाही, असे अमेरिकेच्या सागरविषयक सरकारी खात्याला जाहीर करावे लागले होते.