एडिनबरात मंजूर, रोह्यात नाही

पेण म्हटलं की गणपतीचे कारखाने आठवतात, रोहा म्हटलं की धावीर महाराजांची पालखी. या दोन तालुक्यांतला ख्रिस्ती समाज मूठभर, त्यामुळे त्याच्याबद्दलची मतंही बहुधा ऐकीव. समलिंगी विवाहाचा विषय निघाला की 'चर्चचा काय, विरोधच' एवढ्यावर बोलणं आटोपतं. विरोध आहे हे खरंच. पण कोणत्या चर्चचा, तो ठरवतो कोण आणि तो बदलू शकतो का, हे पाहायला लागलं की चित्र बरंच गुंतागुंतीचं निघतं.

रोह्याची कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या दक्षिण काठावर कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या या गावातले कॅथलिक आजही घरात पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. १७४० साली हा मुलूख मराठ्यांकडे आला, तरी त्यांचा धर्म आणि बोली टिकली. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या इन्क्विझिशनला, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाला, समलिंगी संबंधांवर खटले चालवण्याचा अधिकार होता. 'हे खूळ पाश्चात्त्यांनी आणलं' असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की बाहेरून आली ती शिक्षा: आधी पोर्तुगीजांची, मग इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७.

प्रोटेस्टंट आले ते रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकापलीकडून. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये ठाणं मांडलं. ज्यांचं नाव पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजला मिळालं ते जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकायला आधी याच किनाऱ्यावर राहिले. घाटावर अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचा जम बसला होता. मराठी प्रोटेस्टंटांची बरीचशी मंडळी या दोन मुळांतून वाढली.

दोन्ही पंथांतला खरा फरक बायबलच्या वचनांत नाही. ती दोघांचीही तीच. फरक आहे निर्णय कोणाच्या हाती यात. कॅथलिकांत विवाह हा सात संस्कारांपैकी एक. वधू-वर तो एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने साक्षीला असतात. त्याची व्याख्या बदलणं पॅरिशच्या हाती नाही, मुंबईच्या आर्चबिशपांच्याही नाही. प्रोटेस्टंट मानतात ते संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. विवाह त्यांनाही पवित्र, पण त्याचे नियम सभेत मतदानाने ठरतात, आणि मतदानाने ठरलेलं मतदानानेच फिरवता येतं.

तसं ते फिरलंही. अमेरिकन मराठी मिशन ज्या बोर्डाने पाठवलं, त्याचा वारसा सांगणाऱ्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या महासभेने ४ जुलै २००५ रोजी विवाहसमानतेच्या बाजूने ठराव केला. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेने मे २०२२ मध्ये एडिनबरात २७४ विरुद्ध १३६ मतांनी आपल्या पाळकांना समलिंगी विवाह लावण्याची मुभा दिली. ज्याची इच्छा असेल त्याने परवानगी घ्यावी. सक्ती कोणावरच नाही.

इथे एक कायद्याची गंमत सांगायलाच हवी. आपल्याकडे ख्रिस्ती विवाह आजही १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाखाली लागतात. त्याच्या पाचव्या कलमात विवाह कोण लावू शकतो याची यादी आहे, आणि तीत चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाळकाचा नावानिशी उल्लेख आहे. अट एकच: विवाह त्या चर्चच्या नियम, विधी आणि रूढींप्रमाणे लागावा. दीडशे वर्षांपूर्वी मसुदा लिहिणाऱ्यांना हे नियम कधी असे पालटतील याची शंकाही आली नसेल. अर्थात या शब्दांचा आधार घेऊन उद्या कोणी रोह्यात बोहल्यावर उभं राहू शकणार नाही, कारण त्याच कायद्याचं साठावं कलम पुरुषाचं वय आणि स्त्रीचं वय असं वेगवेगळं सांगतं. तरीही वकील मित्रांनी हे पाचवं कलम एकदा वाचावंच.

स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनच्या मंडळ्या इतरांसह २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आल्या. या चर्चमध्ये समलिंगी विवाहाला जागा नाही. मातृसंस्था पुढे गेली आणि इकडची मंडळी तिने शंभर वर्षांपूर्वी शिकवलेला धडा गिरवत राहिली. मला यात बायबलइतकीच शेजाऱ्यांच्या नजरेची धास्ती दिसते. ज्यांच्यावर आधीच 'परका धर्म' म्हणून बोट दाखवलं जातं, त्यांना आणखी एक निमित्त कोणाच्या हाती द्यायचं नसतं.

नागपुरातच नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्यालय आहे. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसच्या या परिषदेने लैंगिकतेवर उघड चर्चा सुरू केली आणि लैंगिक अल्पसंख्याकांना मंडळीत सामावून घ्यावं यासाठी कामही केलं. म्हणजे परिषद पुढे, तिची सभासद चर्चेस मागे. याउलट समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळणाऱ्या २००९ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत अपोस्टोलिक चर्चेस अलायन्ससारखी ख्रिस्ती संघटनाही होती.

कॅथलिकांचं उलट. नियम तसूभर हलत नाही, बोलण्यातला सूर मात्र बदलला आहे. रायगड जिल्हा मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये येतो. तिथले तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी डिसेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केलं तेव्हा, समलिंगी विवाह चर्चला मान्य नाही, पण समलिंगी माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही, अशी भूमिका उघडपणे मांडली. ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. पुढे १८ डिसेंबर २०२३ रोजी व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मोकळीक दिली. आफ्रिकेतल्या बिशपांचा गदारोळ उठताच तीन आठवड्यांच्या आत खुलासा आला: असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा, विधीविना, लग्नाचा भास होणार नाही असा. सेकंद मोजून दिलेल्या आशीर्वादाने जोडप्याचं किती समाधान होईल, याबद्दल मला शंका आहे. पण जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे हे काहीतरी आहे.

समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मात्र वाट संसदेकडे वळवली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही, असा एकमुखी निकाल दिला. नागरी जोडीदारीला मान्यता देण्याच्या प्रश्नावर दोन विरुद्ध तीन अशी फूट पडली. चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात राहिले. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या.

निकालानंतर केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना एका रेशनकार्डावर नाव लावता येईल, बँकेत संयुक्त खातं उघडता येईल आणि त्या खात्यावर एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमता येईल. पेणच्या किंवा रोह्याच्या ख्रिस्ती जोडप्याला आज बँकेत एकत्र सही करता येते. चर्चच्या विवाह नोंदवहीत नाही, फादरांच्याही आणि पाळकांच्याही.