कपाटातील शोध

प्राण्याची नवी जाती सापडली, अशी बातमी वाचली की दुर्गम अरण्य, पाठीवर सामान घेतलेला संशोधक आणि आजवर कोणाच्याही दृष्टीस न पडलेला जीव असे चित्र बहुतेकांच्या मनःचक्षूंपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नाही; पण ते अपुरे आहे. २०१४ साली शास्त्रजगतापुढे आलेल्या एका भुंगेऱ्याची हकीकत त्या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. हा भुंगेरा रानात सापडला नाही, संग्रहालयाच्या साठ्यात सापडला. आणि त्याला प्रत्यक्ष पकडणारे गृहस्थ तर १८८२ सालीच निवर्तले होते.

हे गृहस्थ म्हणजे चार्ल्स डार्विन. ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासास निघालेला हा तरुण १८३२ साली अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावरील बाहिया ब्लांका येथे उतरला, तेव्हा त्याचे वय अवघे तेवीस होते. भुंगेरे जमविण्याचा नाद त्याला केंब्रिजपासूनच होता. बाहिया ब्लांका येथे पकडलेला हा कीटक इंग्लंडला पोचला खरा. परंतु पुढे तो इतरांच्या गर्दीत हरवल्यासारखा झाला. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा येथील शाखेत काम करणाऱ्या स्टिलियानोस हात्झिमानोलिस या कीटकशास्त्रज्ञाने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममधून काही नमुने अभ्यासासाठी उसने मागविले, त्यांत तो निघाला. त्याच्या शृंगिकांचे पेरे करवतीच्या दात्यांसारखे होते. या गटातील भुंगेऱ्यांत असे सहसा आढळत नाही, हे जाणकार नजरेने हेरले. तपासाअंती ठरले की ही केवळ नवी जाती नव्हे, तर नवी प्रजातीही आहे. डार्विनच्या स्मरणार्थ प्रजातीला ‘डार्विनिलस’ आणि डेव्हिड सेडॅरिस या अमेरिकन लेखकावरून जातीला ‘सेडॅरिसाय’ असे नाव मिळाले. वर्णन प्रसिद्ध झाले ते १२ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे डार्विनच्या जन्मदिनी. पकडणे आणि ओळखणे यांत सुमारे १८० वर्षांचे अंतर पडले.

उपेक्षितांचे कुल

हा कीटक ज्या कुलातला आहे त्याला इंग्रजीत ‘रोव्ह बीटल’ म्हणतात. सामान्य भुंगेऱ्याची पाठ कठीण पंखकवचांनी पूर्ण झाकलेली असते. रोव्ह बीटलची कवचे मात्र आखूड बंडीसारखी, त्यामुळे पोटाचे लवचीक वलय उघडेच राहते. कुजका पाला, शेण, मृत प्राणी, मुंग्यांची वारुळे अशा ठिकाणी हे वावरतात. त्यांतील पुष्कळसे इतर कीटकांच्या अळ्यांवर जगतात. काही थोडे अंगावर चिरडले गेले, तर त्वचेवर दाहक फोड उठवितात. आजवर वर्णन झालेल्या त्यांच्या जाती साठ हजारांहून अधिक आहेत. पृथ्वीवरील सर्व सस्तन प्राण्यांच्या जाती साडेसहा हजारांच्या आसपास आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या एका कुलाचा पसारा कळतो. वाघाची गणती होते, तिची वार्ता होते. शेणातल्या भुंगेऱ्याला मात्र गणकच मिळत नाही.

नोंदीविना पडलेला माल

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर हा गोदामात येऊन पडलेला, पण खतावणीत न चढलेला माल आहे. असा माल असून नसल्यासारखा. ही अवस्था एकट्या डार्विनच्या भुंगेऱ्याची नाही. नमुना हाती आल्यापासून त्याचे नवी जाती म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवून दिले. सपुष्प वनस्पतींच्या २०१० सालच्या एका अभ्यासात तर गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या नव्या जाती अवघ्या १६ टक्के निघाल्या. ज्या जातींचा शोध लागायचा आहे, त्यांतील निम्म्याहून अधिक आधीच वनस्पतिसंग्रहांत येऊन पडल्या असाव्यात, असा त्या अभ्यासाचा अंदाज होता.

याचा अर्थ उघड आहे. उणीव नमुन्यांची नाही, ते ओळखणाऱ्या डोळ्यांची आहे. असा डोळा तयार होण्यास आयुष्याची दहा-पंधरा वर्षे जातात आणि त्या काळात कोणीतरी त्याचा पगार द्यावा लागतो. या श्रमाचे फळ मात्र कोणा एकाच्या खिशात पडत नाही. ते सर्वांचे असते. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि खर्च एकाला, ती बाजार पुरेशी निर्माण करीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक सिद्धान्त आहे. म्हणून हा भार सरकार व विद्यापीठे यांनाच उचलावा लागतो.

दारिद्र्य आणि बेकारी असताना भुंगेरे मोजण्यावर पैसा का उधळावा, असा आक्षेप येईल. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण पिकावरील कीड कोणती आणि ती खाणारा मित्रकीटक कोणता, हे नावानिशी ठाऊक नसेल तर शेतकऱ्याला दिलेला सल्ला अंदाजपंचेच राहणार. औषध कशावर मारायचे, हे ठरण्याआधी समोरचा जीव कोण, हे ठरावे लागते.

आपले भांडार

भारतीय रोव्ह बीटलांचा मोठा ग्रंथ माल्कम कॅमेरॉन याने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत १९३० ते १९३९ या काळात चार खंडांत लिहिला. त्याचा संग्रह लंडनच्या त्याच संग्रहालयात आहे. आपल्या मातीतील कीटक नवा की जुना, हे ठरविण्यासाठी भारतीय अभ्यासकाला आजही तेथील नमुन्यांशी ताडून पाहावे लागते. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे मोल यावरून कळावे. जैविक विविधतेच्या २००२ सालच्या कायद्याने नव्या जातीचा नमुना नियुक्त संस्थेत ठेवणे बंधनकारक केले, हे योग्यच झाले. मात्र नमुना ठेवून घेणे वेगळे आणि तो सांभाळणे वेगळे. दिल्लीचे नैसर्गिक इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये आगीत भस्मसात झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ दी जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाचीही तीच गत होऊन अफाट कीटकसंग्रह जळाला. त्यात किती अनामिक जाती गेल्या, याचा हिशेब आता कोणीच देऊ शकणार नाही.

डार्विनच्या भुंगेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे दोनच नमुने ज्ञात होते. दुसरा बर्लिनच्या संग्रहालयात होता. तो अर्जेंटिनातीलच रिओ क्वार्तो येथे १९३५ पूर्वी पकडलेला. या दोन गावांमधील बहुतेक भूमी पुढे शेतीखाली आली. तेव्हा नाव मिळाले त्या दिवशी तो जीव जगात उरला होता की नाही, याचीच वर्णनकर्त्याला शंका होती. नोंद उशिरा होण्याची किंमत ती हीच. बारशाचा आणि श्राद्धाचा दिवस एकच ठरू नये, एवढी तत्परता तरी ज्ञानाच्या व्यवहारात हवी.