सीडी हरवली? हरवू दे!

“बाई, कॅमेऱ्याची सीडी हरवलीय. फोटो गेले का?” चौथीतली एक मुलगी आजोबांचा जुना डिजिटल कॅमेरा घेऊन आली. त्यात काळाचौकीतल्या त्यांच्या चाळीचे फोटो होते. चाळ आता पाडलीय.

बालमित्रांनो, फोटो सीडीत नसतात, कार्डात असतात! आम्ही कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घातलं, रीडर यूएसबीला जोडला. शाळेतल्या जुन्या संगणकात २००१ सालचं विंडोज एक्सपी आहे. त्याला सीडी लागत नाही. (विंडोज ९८ मात्र रीडरसाठीही ड्रायव्हर मागतं.) कार्डात ‘डीसीआयएम’ फोल्डर असतो, तो अख्खा कॉपी करायचा. ‘कट’ नको हं, मध्येच वीज गेली तर? फोटो उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. पालकांनो, तुम्हीसुद्धा!

सत्तावन्न फोटो निघाले. एकात आजी गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली.