दुदुकची वाट वाजंत्र्याच्या ओसरीवरून

झरी-जामणी तालुक्यातलं मुकुटबन बाहेरच्यांना माहीत असतं ते कोळशामुळे आणि २०२२ साली सुरू झालेल्या सिमेंट कारखान्यामुळे. दक्षिणेला पैनगंगा आणि नदी ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. अशा गावात एखाद्या पोराने मोबाइलवर दुदुक ऐकलं आणि हेच शिकायचं म्हणून हट्ट धरला, तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढू नये. दुदुक आर्मेनियाचं खरं, पण ज्या फुंकीवर ते वाजतं ती फुंक आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या घुमते आहे.

दुदुक बहुतेकांच्या कानावर आलं ते सिनेमातून. २००० सालच्या ‘ग्लॅडिएटर’च्या संगीतात जिवान गास्पारियान यांचं दुदुक आहे. येरेवानजवळच्या सोलाग गावात १९२८ साली जन्मलेले हे कलावंत २०२१ मध्ये गेले. १९८९ साली त्यांची ध्वनिमुद्रिका पाश्चात्त्य देशांत निघाली आणि डोंगराळ देशातलं हे लोकवाद्य जगभर पोचलं. युनेस्कोने २००५ साली दुदुक आणि त्याच्या संगीताचा गौरव केला, २००८ मध्ये त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. आर्मेनियात ते लग्नातही वाजतं आणि अंत्ययात्रेतही.

वाद्य दिसायला अगदी साधं. जर्दाळूच्या लाकडाची, साधारण २८ ते ४० सेंटिमीटरची नळी, वरच्या बाजूला आठ भोकं, अंगठ्याचं वेगळं. वरच्या टोकाला मात्र जी पत्ती बसते ती पाहून सनईवाला थबकतो. सनईची पत्ती बोटाच्या पेरात मावते. दुदुकची पत्ती चांगली दहा-बारा सेंटिमीटर लांब, रुंद आणि चपटी. अराक्स नदीच्या काठच्या बोरूची अख्खी नळी एका टोकाला दाबून ती करतात, म्हणजे दोन ओठ आपोआप तयार होतात. तिच्या कमरेला एक पट्टी बांधलेली असते. ती वर-खाली सरकवली की पत्तीचं तोंड कमी-जास्त उघडतं आणि सूर चढतो किंवा उतरतो.

सनई आणि दुदुक दोन्ही दुहेरी पत्तीची, तरी एक मंडप दणाणून सोडते आणि दुसरं कानाशी येऊन बोलतं, असं का? कारण नळीच्या पोकळीत आहे. सनईची पोकळी निमुळती. तोंडाशी बारीक, पितळी कर्ण्याकडे रुंद होत जाणारी. दुदुकची पोकळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. सारख्या पोकळीच्या नळीचं एक टोक पत्तीने बंद झालं की तिच्यातली हवा तेवढ्याच लांबीच्या निमुळत्या नळीपेक्षा एक सप्तक खाली बोलते. शिवाय मूळ सुराबरोबर निघणाऱ्या वरच्या स्वरांशांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे सम स्वरांश फिके पडतात. म्हणून हातभर लांबीही नसलेल्या नळीतून तो खोल, पोकळ, माणसाच्या घशातून आल्यासारखा आवाज येतो. पल्ला जेमतेम एका सप्तकाहून थोडा जास्त. तेवढ्यात सगळं सांगायचं, आणि वादक ते सांगतात.

आता शिकण्याकडे येऊ. पहिले काही आठवडे बोटांचे नसतात, पत्तीचे असतात. कोरडी पत्ती मिटलेली असते. तिच्यात थोडं पाणी घालायचं, हलवून ओतून टाकायचं आणि टोपण काढून वाट पाहायची. दहा-पंधरा मिनिटांत ओठ हळूहळू विलग होतात. तोंड फार उघडलं तर फुंक नुसती निघून जाते, आवाज जाड आणि बेसूर येतो. मिटलेलं राहिलं तर पत्ती चिरकते किंवा बोलतच नाही. नेमकं किती उघडावं हे पुस्तकात सापडत नाही, ओठांना कळावं लागतं. आपल्या चंद्रपूर-यवतमाळच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, ही पत्ती जपणं हेच निम्मं शिक्षण. वाजवून झालं की टोपण घालून ती सावलीत ठेवायची, नाहीतर तडकते.

ओठ दातांवर आत वळवायचे, पत्तीचं फक्त टोक धरायचं, दातांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. ओठ सैल सोडले की तोच स्वर खाली घसरतो, आवळले की वर जातो. आपल्याकडचा शिकणारा इथे जगातल्या इतर विद्यार्थ्यांच्या पुढे असतो, असं मला ठामपणे वाटतं. त्याच्या कानात मींड आधीपासून आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं त्याला शिकवावं लागत नाही, आवरायला सांगावं लागतं.

पुढची पायरी दमसासाची. गाल फुगवून हवा साठवायची, ती गालांनी पत्तीत ढकलत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यायचा. सूर तुटता कामा नये. सराव पेल्यातल्या पाण्यावर होतो: नळी बुडवायची, बुडबुडे काढत राहायचं आणि मधेच नाकाने श्वास घेऊन पाहायचा. बुडबुड्यांची रांग तुटली की पुन्हा पहिल्यापासून. दुदुक सहसा एकटं वाजत नाही. एक वादक चाल वाजवतो, दुसरा तिच्याखाली एकच सूर अखंड धरून बसतो. त्या आधारसुराला ‘दम’ म्हणतात आणि धरणाऱ्याला ‘दमकश’. नवख्याला बरेचदा आधी याच जागेवर बसवतात. सनईच्या ताफ्यात सूर धरणारा साथीदार हेच काम करतो.

म्हणून मी म्हणतो, मुकुटबनच्या पोराने पहिला गुरू पंचक्रोशीतच शोधावा. वऱ्हाडात सनई-डफडं सांभाळलं ते मुख्यतः मातंग कुटुंबांनी. नवरदेवाची वरात त्यांच्याशिवाय हलत नसे, आणि जेवायची वेळ आली की त्यांनाच मांडवाबाहेर बसवलं जाई. या कलेला आपण उस्तादी म्हटलं नाही, वाजंत्रीपण म्हटलं. आता वरातीत डीजे आला आणि त्या घरांतल्या सनया खुंटीला टांगल्या गेल्या. अखंड श्वास, पत्ती घासणं, भोकात मेण भरून सूर जुळवणं ही विद्या अजून त्या म्हाताऱ्या हातांत आहे. ती शिकायला येणाऱ्याने ओसरीवर बसावं, ‘काका’ म्हणून हाक मारावी आणि शिकवणीचे पैसे हातात ठेवावेत. गाण्याच्या क्लासला देतो तसेच.

नदीपलीकडे तर हा वारसा दिवाळीतच रस्त्यावर येतो. आदिलाबादच्या राजगोंडांची दंडारी या दिवसांत गावोगाव फिरते, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचतात आणि त्यांच्यासोबत डप्पू, तुडुम या चर्मवाद्यांच्या जोडीला पिपरी वाजते. ही पिपरी सनईच्याच कुळातली. गुसाडी नृत्यासाठी कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. नाचाला मान मिळाला, त्यामागे फुंकणाऱ्यांची नावं मात्र कुणी विचारली नाहीत.

लोकवाद्य मैफलीत बसू शकतं याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. सोलापूरच्या जाधव घराण्याने सुंदरी हे सनईचं धाकटं रूप मैफलीत आणलं. सिद्राम जाधवांची सुंदरी ऐकली की छोट्या नळीत किती राग मावतो ते कळतं. पुण्यात गायकवाड घराण्याने सनई पिढ्यान् पिढ्या वाजवली आणि त्याच घरातल्या नम्रता गायकवाड आज ती मंचावर वाजवतात. महाराष्ट्राबाहेर पाहिलं तर बिस्मिल्ला खाँसाहेबांना सनईसाठी २००१ साली भारतरत्न मिळालं. त्यांच्या सनईची पत्ती बिहारमधल्या डुमरावच्या गवताची होती.

ज्याला खरोखर सुरुवात करायची आहे त्याने दुदुक ‘ए’ सुराचं घ्यावं, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा. बहुतेक शिकवण्या याच पट्टीत मिळतात आणि पेटीशी ताडून पाहता येतं. वाद्य जर्दाळूच्या लाकडाचंच असावं, आणि एकाऐवजी तीन-चार पत्त्या मागवाव्यात; पहिली नवशिक्याच्या हातून बहुधा जातेच. पहिले दोन-तीन महिने चाली वाजवूच नयेत. तंबोरा लावून एकेक सूर मिनिटभर धरावा, मग श्वास न तोडता पाच मिनिटं. पहिली चाल म्हणून भूपाची सरगम चांगली, पाच सुरांत ओठांची परीक्षा होते. आर्मेनियन चाली नंतर घ्याव्यात. आर्मेनियन संगीतकार कोमितास यांनी खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या लोकगीतांपासून सुरुवात करावी.

आणि वाजंत्र्याकडे जायचं तर लग्नसराईआधी जावं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, मग ज्यांना अजून बोलावणी येतात त्यांना सवड नसते.